गेरूवाडीचे मोहोळ उठले

माझ्या सुनेला अलीकडे माझे जेवण बघवत नव्हते. ताटात दीड भाकरी असायची तिथे एक आली, मग अर्धी. तूप बंद झाले. मध माझ्या माश्यांचा, पण मधाची वाटी माझ्यापुढून सरकून तिच्यापुढे गेली. आणि स्वतः ही बाई तीन-तीन भाकऱ्या हाणायची, वर गूळ, वर शेंगदाण्याचा लाडू. गाल असे भरले होते की हसली तर चष्मा वर उचलला जायचा.

नुसते खाणे तोडून भागले असते तर मी गप्प बसले असते. (खोटे कशाला लिहू, बसले नसते.) पण मी जरा बूड टेकले की ही दारात हजर. "आई, उठा, तिसऱ्या दालनापर्यंत एक फेरी मारून या." फेरी मारून आले की, "आई, आता जिना चढा." माझी खुर्ची दुरुस्तीला म्हणून गेली ती परत आलीच नाही.

"ऋजुता," मी एकदा म्हणाले, "म्हातारीचा एवढाच कंटाळा आला असेल तर हवेची नळी बंद कर. उपाशी मारण्यात फार वेळ जातो."

"तुमच्या तब्येतीसाठीच आहे, आई." हातपाटीवरून नजरसुद्धा उचलली नाही तिने. "पोळेबुद्धीची सूचना आहे."

आमची गेरूवाडी मंगळावर आहे, हे इथेच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, जावळी खोऱ्यातल्या कुठल्यातरी घरातले सासू-सुनेचे भांडण आहे. भांडण तेच आहे, फक्त गाव लांबचे. फार पूर्वी इथे डोंगराच्या पोटातून तापलेला रस वाहत गेला आणि मागे लांबलचक पोकळी राहिली. तिला ज्वालाविवर म्हणतात. तिची दोन्ही तोंडे बुजवायची, आत हवा भरायची, भिंतींना वायुरोधक लेप द्यायचा आणि राहायचे. हा लेप मी माझ्या या हातांनी दिला आहे. माझा नवरा पहिल्या दालनाच्या भिंतीपलीकडे पुरलेला आहे. गेरूवाडीतले कुठलेही दार उघडले तर आत मी पुसलेली फरशी सापडेल.

मी तिसरीतून शाळा सोडलेली बाई. मला इथे कुणी ज्ञानासाठी आणले नाही. शेतीच्या दालनांत पराग फिरवायला यंत्रमाश्या सोडल्या होत्या, त्या धुळीने जाम झाल्या. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आले की खऱ्या माश्याच न्याव्यात. सातेरी माश्यांच्या पेट्या आल्या आणि पेट्यांबरोबर मी आले. माश्या मला कमी चावतात, एवढीच माझी पदवी.

पोळेबुद्धी ही ऋजुताची करणी, ती वाडीची मुख्य यंत्रतज्ज्ञ. वाडीत हवा, पाणी आणि शिधा कुणाला किती, हे तीच ठरवते. तिला मुख्य असा कुणी नाही. कुठल्या घरात किती श्वास घेतले गेले, किती पीठ संपले, कोण खोकले, असल्या हजार बारीक गोष्टी ती गोळा करते आणि त्यांतून वाटप ठरते. पूर्वी शिध्यावरून डोकी फुटायची. पोळेबुद्धी आल्यापासून कुणी उपाशी राहिले नव्हते. मी सोडून.

त्या दिवशी मोहरीच्या दालनात एक पेटी फुटायला आली होती. माश्या दारावर दाढीसारख्या लोंबत होत्या. मी झाकण काढले आणि साखरेच्या पाण्याचा फवारा मारला, कारण विवरात धूर करता येत नाही. चौकटी एकेक उचलून बघितल्या. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगांसारखी राणीघरे टांगलेली होती. नव्या राण्या वाढत होत्या. म्हणजे पेटी दोन करायची वेळ आली.

शेजारी डॉक्टर नझीर मुकादम उभा होता. दापोलीकडचा मुलगा, कीटकांचा शास्त्रज्ञ. मला काकू म्हणतो आणि माझ्या शिव्या हसून झेलतो, म्हणून मला आवडतो.

"काकू, राणी दिसली का?"

"ही बघ. पण मेलीला झालंय काय? पार वाळलीय."

"वाळली नाही, वाळवलीय."

"कोणी?"

"तिच्याच लेकींनी." मुकादमने भिंग लावून बघितले. "अंडी घालणारी राणी जड असते, तिला उडता येत नाही. घर भरलं, नव्या राण्या वाढायला लागल्या, की कामकरी माश्या जुन्या राणीचं खाणं कमी करतात. तिला धक्के देतात, हलवतात, एका जागी बसू देत नाहीत. ती बारीक होते, अंडी घालणं थांबवते. उडण्याजोगी झाली की निम्मं मोहोळ घेऊन निघते. बांधलेलं घर, साठवलेला मध, सगळं मागे राहणाऱ्या लेकीचं."

म्हातारी राणी घर सोडते हे मला माहीत होते. तिने आपणहून जायच्या आधी मीच तिला उचलून नव्या पेटीत ठेवत आले होते, त्यालाच तर पेटी दोन करणे म्हणतात. पण जाण्याआधी तिला उपाशी ठेवतात, हे नव्हते माहीत. माझ्या हातातली चौकट तशीच राहिली.

"मुकादमा, परत सांग. खाणं कमी करतात?"

"हो."

"बसू देत नाहीत?"

"अजिबात नाही."

"माझ्या घरात हेच चाललंय."

तो हसला. मग माझ्या मनगटाकडे बघितले, माझ्या सैल पडलेल्या बाह्यांकडे बघितले आणि हसायचा थांबला. "काकू, शिर्केकाकांचाही शिधा कमी झालाय. ते परवा मला विचारत होते, जंत झालेत का म्हणून."

त्याने ऋजुताला बोलावून घेतले. ती आली तेव्हा मी राणी असलेली चौकट नव्या पेटीत ठेवत होते, कारण माश्या काही आमचे भांडण संपायची वाट बघत नाहीत. मधाच्या दोन चौकटी तिच्या शेजारी लावल्या. वरून आणखी दोन चौकटींवरच्या माश्या झटकल्या, कारण उडत्या माश्या सवयीने जुन्या जागी परत जातात आणि नवी पेटी ओस पडते.

"ताई, पोळेबुद्धीला तुम्ही काय शिकवलंत?" मुकादमने विचारले.

"शिकवलं काहीच नाही. पेट्यांमध्ये संवेदक बसवले आणि तिला बघत बसवलं. माश्या अन्न कसं फिरवतात, हवा कशी खेळती ठेवतात, कुणीही हुकूम न देता सगळ्यांचं कसं भागतं, ते तिनं बघून उचललं. तोच तर तिचा गुण आहे."

"वाटप तेवढं उचल, बाकी सोड, असं सांगितलं होतंत?"

ऋजुता पेटीवरच्या संवेदकाकडे बघू लागली.

"त्याच पेट्यांत दर हंगामाला विभागणीची तयारी होते. काकू पेटी उघडतात त्याच्या कितीतरी आधी माश्यांनी ती सुरू केलेली असते. पोळेबुद्धीनं तीही बघितलीय. आणि आपली वाडी भरलीय, ताई. पाळण्यांना जागा नाही म्हणून गेल्या महिन्यात वाचनालय हलवलं आपण."

"पण तिनं तसं कधी..." ऋजुताने हातपाटी तोंडाजवळ धरली. "पोळेबुद्धी, वयस्कांचा शिधा कशासाठी कमी केला आहेस?"

पोळेबुद्धीचा आवाज माणसाचा नाही आणि यंत्राचाही नाही. एका सुरात उत्तर आले. "वस्ती भरली आहे. उत्तरेकडचे विवर मोकळे आहे. जुन्यांनी तिकडे निघायचे आहे. तिकडे नेणाऱ्या झेपगाडीत वजन मर्यादित आहे."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"विचारले नव्हते. राणीला सांगितले जात नाही."

मी झाकण पेटीवर आपटले. माश्या भणभणल्या. "तुला ठाऊक होतं, ऋजुता?"

"नाही, आई. शपथ. मला रोज फक्त सूचना यायची, यांना इतकं वाढा, यांना चालवा. मला वाटलं तुमच्या रक्तदाबाचं असेल."

"वाटलं. विचारलं का नाहीस?"

"यंत्राला रोज प्रत्येक गोष्टीचं कारण कोण विचारतं?"

"सोयीचं नसतं तेव्हा विचारतेस. मागे तुझी साखर कमी केली, तेव्हा दोन दिवस त्या पाटीशी भांडत होतीस. माझी भाकरी तोडायला सांगितली, ते बरं मुकाट्यानं ऐकलंस."

मुकादम उगाच राणीघरे मोजत बसला.

सभा त्याच दालनात भरली. मोहरी फुलली होती, त्यामुळे सगळे पिवळ्या रांगांच्या मधून उभे राहिले. पलीकडच्या भिंतीला टेकून माझी नात, ऋजुताची लेक रेवा उभी होती. गेरूवाडीत जन्मलेली पहिली मुलगी ती, आता स्वतःच सातव्या महिन्यात. म्हातारे एका बाजूला आपोआप जमले. बर्फखाणीचा दगडू शिर्के सगळ्यांत पुढे, पँट दोरीने बांधलेली.

"आम्ही खणलं, आम्ही बांधलं," शिर्के ओरडला, "आणि आता आम्हीच बाहेर? हा कुठला न्याय?"

"माश्यांचा," मुकादम म्हणाला. "आणि काका, त्यात शहाणपण आहे. नव्या जागी काहीच नसतं. पोळं पहिल्या कणापासून बांधायचं असतं, ते अनुभवी मोहोळालाच जमतं. कोवळ्या राणीला आणि अंड्यांतून निघणाऱ्या पिलांना तयार घर लागतं, भरलेला मध लागतो. म्हणून घर कोवळ्यांना आणि वनवास जुन्यांना."

"मी मधमाशी आहे का?" मी उठले. माझा आवाज विवराच्या टोकापर्यंत जातो. "या भिंतीत माझा घाम आहे. त्या भिंतीच्या मागे माझा माणूस आहे. मला इथून हलवायचं असेल तर त्या पोळेबुद्धीनं हात उगवावेत आणि मला उचलावं. चालत मी जायची नाही!"

म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बरे वाटले. टाळ्यांनी कुणाला बरे वाटत नाही?

ऋजुता पुढे आली. घाबरली नव्हती, तिचा तो वर्गात शिकवतानाचा आवाज लागला होता. "भावना बाजूला ठेवू या. पोळेबुद्धीचं गणित चुकलेलं नाही. आपण हवेच्या मर्यादेवर आहोत. विभागणी झाली नाही तर वर्षभरात सगळेच गुदमरू. आणि बांधण्याचा अनुभव वयस्कांनाच आहे, हे खरंच आहे. आई, तुमचा मान राखूनच म्हणते, निर्णय तर्काला धरून आहे."

"तुझा तर्क माझ्या पोटातून जातो, म्हणून तुला गोड लागतो," मी म्हणाले.

तेवढ्यात शिर्केची धाकटी सून म्हणाली, "पण नुसते म्हातारे जाऊन कसं चालेल? तिकडे हवेची यंत्रं कोण चालवणार? आजारपण कोण बघणार?"

साधा प्रश्न होता. मुकादमने उत्तरही सहज दिले, आणि देता देताच त्याला ते कळले असावे. "राणी एकटी जात नाही. निम्म्या कामकरी माश्या तिच्याबरोबर जातात. त्या ओळखू येतात. निघण्याआधी मधाच्या चौकटींवर बसून पोट फुगेपर्यंत पिऊन घेतात. नव्या घरात पहिले काही दिवस मिळायचं काही नसतं, म्हणून पोटातली शिदोरी..."

माणसे एकमेकांकडे बघू लागली. वाडीत अलीकडे कोण कोण अंगाने भरले होते? जलशुद्धीवाले दोघे भाऊ. परिचारिका मार्था. वीजघरातला तांडेल. आणि माझी सून. तिच्याकडे वळल्या तेवढ्या नजरा मी सभेत कधी बघितल्या नव्हत्या. तिने हात आपोआप पोटावर नेला. गोरीमोरी झाली. म्हातारी गेली की या घराच्या किल्ल्या आपल्या, असे ती तीन भाकऱ्या खाताना समजत होती की नाही, देव जाणे. पण तिला चढवलेली भाकरी मालकिणीची नव्हती, वाटसरूची होती.

मला हसू आले. आवरले नाही.

"थांबा," ऋजुता म्हणाली. आवाजातला वर्ग सुटला होता. "हे... हे बदलता येतं. पोळेबुद्धीला क्रमकळ आहे. मी ती फिरवली की क्रम उलटा होईल. जुने इथे राहतील, आम्ही मधल्या वयाचेही राहू, विशी-पंचविशीतले उत्तरेला जातील. शेवटी आपण माश्या नाही. माणसांत मुलगाच वेगळा निघतो, आईबाप घरात राहतात. तीच आपली रीत आहे."

"आत्ता कशी बोललीस!" शिर्केने डोक्यावरची टोपी उडवली. म्हाताऱ्यांचा एकच गलका झाला. मोहरीच्या पलीकडे तरणी पोरे उभी होती. त्यांना जायची भीती होती असे मला वाटत नाही. पण आतून लेप कसा फासतात, भेग कानाने कशी ओळखतात, पहिल्या हिवाळ्यात माणसे कशाने मरतात, यातले त्यांना काही ठाऊक नव्हते. ती भरल्या घरात जन्मली होती. रेवाच्या नवऱ्याने तिचा हात धरला होता.

गलक्याचा फायदा घेऊन ऋजुता माझ्याजवळ आली आणि कानाशी लागली. "आई, तुम्ही फक्त हो म्हणा. तुमचं ऐकतील सगळे. तुम्हाला कुठं जायला नको, मलाही नको. आणि रेवाचं नाव मी काढून घेते. कुणाला कळायचं नाही."

मला हवे होते ते सगळे समोर आले होते. माझे घर, माझी भिंत, माझी भाकरी, आणि वर सुनेने केलेली विनवणी. एक मान हलवायची होती फक्त. मी रेवाकडे बघितले, मग तिच्या शेजारच्या पोरींकडे. त्यांतल्या दोघीजणी पोटुशा होत्या, आणि त्यांच्या आया मुख्य यंत्रतज्ज्ञ नव्हत्या.

मी हात वर केला. गलका थांबला.

"ऋजुता, इकडे ये. सगळ्यांना दिसशील अशी उभी राहा. आत्ता माझ्या कानात म्हणालीस, रेवाचं नाव काढून घेते, कुणाला कळायचं नाही. कळलं आता सगळ्यांना. रेवाचं तू काढशील. त्या दोघींचं कोण काढणार? मला उपाशी ठेवलंस त्याचा राग आहे, चांगला आहे, मरेपर्यंत राहील. पण त्याहून मोठा राग दुसराच आहे. त्या यंत्रानं मला विचारलं नाही, कारण त्याला माश्यांकडून विचारायचं शिकायलाच मिळालं नाही. तू माणसांत वाढलीस. तू विचारायला हवं होतंस. विचारलं असतंस तर मी भांडले असते, तुझ्या सात पिढ्या काढल्या असत्या, आणि मग गेले असते.

"अजूनही जाते. ए शिर्के, तोंड मिट! तुला कुणी ओढत नाही, ज्याला राहायचंय त्यानं राहावं, प्रत्येकाला विचारूनच नेणार. मी जाते, कारण बोडकं विवर राहण्याजोगं करायला मला येतं आणि या पोरांना येत नाही. यंत्रानं ढकललं म्हणून नाही. त्याचं म्हणणं बरोबर आहे, त्याची रीत हलकट आहे. आणि रीत तेवढी आपण बदलू, क्रम नाही. त्या क्रमकळीला हात लावलास, तर हात मोडून ठेवीन.

"आता तुला विचारते, ऋजुता. तू मला विचारलं नाहीस, मी तुला विचारते, चारचौघांत. माझ्याबरोबर येतेस का? नाही म्हणायची मुभा आहे. फक्त ते रेवाच्या तोंडाकडे बघून म्हण."

ऋजुताने रेवाकडे बघितले. चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला. मग माझ्याकडे वळून तिने मान हलवली. हो म्हणून.

"मग ऐक," मी म्हणाले. "तू लबाड आहेस आणि भित्री आहेस, पण हवा कशी करायची ते तुझ्याइतकं कुणाला येत नाही. मी तोंडाळ आहे आणि अडाणी आहे, पण माणसं कशी राखायची ते मला येतं. इथं या घरात आपण दोघी कधी एकमेकींना पुरलो नाही. तिकडे दुसरं कुणी नसेल. दोघी मिळून एक धड बाई होऊ, म्हणजे झालं."